सामाईक नदीचा करार कसा तपासावा

गावातल्या सामाईक विहिरीचं भांडण सहसा पाण्यावरून पेटत नाही. मोटर जळली तर पैसे कोणी भरायचे, गाळ कोणाच्या खर्चाने काढायचा, वीजबिल कोणाच्या नावावर आणि वैशाखात पाणी तळाला गेलं की पहिली पाळी कोणाची, यावरून पेटतं. ज्यांनी या गोष्टी आधी स्टँपपेपरवर लिहून घेतल्या त्यांची विहीर नातवंडांपर्यंत चालते. देशादेशांतल्या नदीचंही तसंच आहे. मैत्री, समन्यायी वाटप, परस्पर विश्वास हे शब्द प्रत्येक कराराच्या पहिल्या पानावर सापडतात. करार टिकणार की मोडणार हे मात्र मागच्या परिशिष्टांत ठरलेलं असतं.

पुढची पद्धत पत्रकार, अभ्यासक, जलसंपदा आणि वीज क्षेत्रातले अभियंते अशा सगळ्यांसाठी आहे. नदीवरच्या भागीदारीचा मसुदा हातात आला की तो कुठून वाचायला घ्यायचा, कुठे कॅल्क्युलेटर काढायचा आणि कुठे शंका घ्यायची, एवढाच तिचा आवाका.

वाचायला बसण्याआधी

कराराची पूर्ण प्रत मिळवा. परिशिष्टं आणि नंतरची पूरक पत्रं त्यात हवीतच. बातमीतला सारांश चालत नाही, कारण सारांशात सूत्र येतं आणि सूत्राच्या अटी गळतात. मोजणीच्या ठिकाणच्या विसर्गाची निदान ३० वर्षांची नोंद हवी, तीही दहा-दहा दिवसांच्या सरासरीने. महिन्याची सरासरी घेतलीत तर फसाल. एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत पडलेली मोठी तूट आणि शेवटच्या दहा दिवसांत अवकाळीने आलेलं पाणी मासिक आकड्यात एकमेकांना झाकून टाकतात. पीक पहिल्या दहा दिवसांतच वाळलेलं असतं.

मग एककं एका ओळीत आणा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. एक घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे ३५.३ क्युसेक. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह दिवसभर चालला की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी होतं. गंगेच्या करारात वारंवार येणारा ३५,००० क्युसेकचा आकडा घ्या: दहा दिवसांत ३०.२४ टीएमसी. कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण काठोकाठ भरलेलं धरलं तर या वेगाने ते ३५ दिवसांत संपेल. करारातला प्रत्येक मोठा आकडा आपल्या ओळखीच्या धरणाशी असा ताडून पाहिला की डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहतं आणि छापील चुकाही सापडतात.

सूत्र स्वतः चालवून बघा

भारत आणि बांगलादेश यांच्यातला गंगा करार १२ डिसेंबर १९९६ रोजी झाला. सरावाला याहून चांगलं उदाहरण नाही. पश्चिम बंगालमधल्या फराक्का बॅरेजपाशी १ जानेवारी ते ३१ मे या काळातलं पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटलं जातं. प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेलं भारताला. ७५,००० किंवा जास्त असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेलं बांगलादेशाला.

पहिली चाचणी सांध्यांवर घ्या. ७०,००० ला पहिल्या नियमाने दोघांना ३५,००० मिळतात, दुसऱ्या नियमानेही तेवढेच. ७५,००० ला दुसऱ्या नियमाने बांगलादेशाला ३५,००० आणि भारताला ४०,००० मिळतात, तिसऱ्यानेही तेच. सांधा जुळला. हे पाहायचं कारण असं, की सूत्राने सांध्यावर उडी घेतली तर मोजणीतल्या शंभर-दोनशे क्युसेकच्या फरकावरून हजारो क्युसेकचा हक्क इकडचा तिकडे होतो आणि मोजणी करणाऱ्या माणसावर दोन्ही बाजूंनी दडपण येतं. चांगल्या सूत्राची रेघ कुठेही तुटत नाही.

दुसरी चाचणी वाईट वर्षाची, आणि खरी परीक्षा हीच. याच करारात आणखी एक अट आहे. ११ मार्च ते १० मे या सहा दशकांत (जलव्यवस्थापनात दहा दिवसांच्या कालखंडाला दशक म्हणतात) दोन्ही देशांना आलटून-पालटून तीन-तीन वेळा ३५,००० क्युसेकची हमी आहे. आता एखाद्या दशकात प्रवाह ५८,००० वर आला असं धरा. नुसत्या सूत्राने दोघांना २९,००० मिळाले असते. हमी असलेल्याला ३५,००० दिल्यावर दुसऱ्याला २३,००० उरतात, म्हणजे निम्म्या वाट्यापेक्षा ६,००० कमी. पुढच्या दशकात पारडं उलटं. वीस दिवसांची बेरीज दोघांचीही ५८,००० होते म्हणून कागदावर समान वाटप दिसतं, पण बांगलादेशातल्या खुलन्याकडच्या खाडीत खारं पाणी आत शिरायला दहा दिवस पुरतात. ही गोष्ट बेरजेत दिसत नाही.

प्रवाह ५०,००० क्युसेकच्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी तातडीने सल्लामसलत करायची, एवढंच करारात आहे. कोणी किती सोडायचं ते नाही. याआधीच्या, ५ नोव्हेंबर १९७७ च्या करारात कोरड्या वर्षासाठी किमान हमी होती: प्रवाह कितीही घटला तरी बांगलादेशाला तक्त्यातल्या वाट्याच्या ८० टक्के. १९९६ मध्ये ती अट आली नाही. जुना आणि नवा करार शेजारी ठेवून काय गाळलं हे पाहण्याची सवय लावून घ्या, कारण वाटाघाटीत कोण कुठे झुकलं ते गाळलेल्या ओळीतच सापडतं.

तिसरी चाचणी वरच्या अंगाची. १९९६ च्या करारातला वाटपाचा तक्ता १९४९ ते १९८८ या ४० वर्षांच्या फराक्क्याच्या सरासरीवर बेतलेला आहे. त्यानंतर उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये जो उपसा वाढेल त्याने फराक्क्याला पोचणारं पाणी घटणार. भारत हा प्रवाह राखण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करेल, असं करार म्हणतो. सर्वतोपरी प्रयत्न हे शब्द दिसले की समासात लाल खूण करा. ते मोजता येत नाहीत.

मोजतं कोण आणि कुठे

मोजणीची जागा ज्याच्या हातात, त्याच्या आकड्यावर दुसरा विश्वास ठेवणार नाही, हे धरूनच चाला. गंगा करारात हा भाग नीट बांधला आहे. संयुक्त समितीची पथकं फराक्क्याला बॅरेजच्या खाली, फीडर कालव्यात आणि नौकानयनाच्या लॉकमध्ये रोज मोजणी करतात. बांगलादेशात हार्डिंज पुलापाशीही करतात. पाणी बाहेर पडण्याचा प्रत्येक रस्ता आणि ते पोचण्याची जागा, दोन्ही नोंदले जातात. मधल्या पट्ट्यात भारताला २०० क्युसेकपेक्षा जास्त पाणी वापरता येत नाही. कुठल्याही मसुद्यात हे तीन प्रश्न विचारा: सगळे रस्ते मोजले जातात का, दोन्ही देशांचे लोक एकाच वेळी एकाच जागी उभे असतात का आणि आकडा त्याच दिवशी दोघांच्या सहीने नोंदला जातो का. आकडे महिनाअखेर पत्राने कळवायचे ठरले असतील तर तंटा तिथेच पेरला गेला.

विजेच्या व्यापारात मोजणीच्या जागेला थेट पैशाचं मोल असतं. नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्यात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेला करार पाहा. नेपाळने भारताच्या वाहिन्यांवरून बांगलादेशाला ४० मेगावॉट वीज द्यायची, दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर, भाव ६.४ अमेरिकी सेंट युनिटला. मोजणी बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या उपकेंद्रात. म्हणजे नेपाळमधल्या ढल्केबरपासून मुझफ्फरपूरपर्यंतच्या ४०० केव्ही वाहिनीतली गळती नेपाळच्या अंगावर पडते. किती? पूर्ण क्षमतेने ४० मेगावॉट २४ तास म्हणजे ९ लाख ६० हजार युनिट, दिवसाचं बिल ६१,४४० डॉलर. मीटर नेपाळच्या बाजूला असता तर बिलात आला असता असा एक टक्का जरी वाटेत गेला, तरी रोजचे ६१४ डॉलर गेले. वीज १५ नोव्हेंबर २०२४ ला पहिल्यांदा बांगलादेशात पोचली. व्यवहार आकाराने लहान आहे, पण तीन देशांचा एकच मीटर आणि एकच बिल ही घडी दक्षिण आशियात बसायला किती वर्षं लागली ते लक्षात घेता तो मोलाचा आहे.

हंगामाची अटही वाचा. जून ते नोव्हेंबर म्हणजे पावसाळ्यात नेपाळच्या नद्या भरलेल्या असतात आणि वीज शिल्लक पडते. हिवाळ्यात नेपाळ स्वतःच भारताकडून वीज घेतो. वाहत्या पाण्यावर चालणाऱ्या केंद्रांच्या देशाशी बारमाही पुरवठ्याचा करार कोणी लिहिलेला दिसला तर हिवाळ्यातला आकडा कुठून आणणार ते विचारा.

धरणाचा खर्च कसा वाटायचा

पाणी मोजून वाटता येतं. एकाच धरणातून एका देशाला वीज, दुसऱ्याला सिंचन आणि तिसऱ्याला जलवाहतूक मिळणार असेल तर सिमेंटचं बिल कसं फोडायचं, हा प्रश्न अवघड आहे. खर्च क्षेत्रफळावर वाटणं, लोकसंख्येवर वाटणं, समान वाटणं, या तिन्ही सोप्या वाटा पुढे भांडणाकडे जातात, कारण लाभ त्या प्रमाणात मिळत नाही. तिलारी धरणात महाराष्ट्र आणि गोवा यांनी खर्च पाण्याच्या हिश्शाच्या प्रमाणात घेतला, आणि त्यातला मोठा वाटा गोव्याचा आहे. मुख्य लाभ पाणी हाच असेल तर हे पुरतं. हेतू अनेक असले की पुढची पद्धत लागते.

एक कल्पित धरण घेऊ. एकूण खर्च १,००० कोटी, हेतू दोन: वीज आणि सिंचन. आधी प्रत्येक हेतू काढून टाकला तर धरण कितीत झालं असतं ते काढा. वीजघर वगळून ६०० कोटी, म्हणजे विजेचा स्वतंत्र खर्च ४००. सिंचन वगळून ७५० कोटी, म्हणजे सिंचनाचा स्वतंत्र खर्च २५०. दोन्ही मिळून ६५०. उरलेले ३५० कोटी हा सामाईक खर्च, आणि वाद त्याचाच.

आता लाभ. विजेचा लाभ ८०० कोटी, पण तेवढीच वीज औष्णिक केंद्रातून ७०० कोटींत मिळाली असती. यातला लहान आकडा घ्यायचा, कारण स्वस्त पर्याय हातात असताना त्याहून जास्त कोणी का मोजेल? म्हणून ७००. त्यातून स्वतंत्र खर्च ४०० वजा केला की उरतात ३००. सिंचनाचा लाभ ४५० कोटी, विहिरी-उपशाचा पर्याय ६०० कोटींचा. लहान आकडा ४५०, वजा २५०, उरतात २००. सामाईक ३५० कोटी ३००:२०० या प्रमाणात वाटा: विजेवर २१०, सिंचनावर १४०. विजेचं बिल ६१० आणि सिंचनाचं ३९०. बेरीज १,००० येते का ते पाहा, नाही आली तर कुठेतरी खर्च दोनदा धरला गेला आहे.

शेवटची पायरी देशांची. विजेतला ६० टक्के वाटा पहिल्या देशाचा आणि सिंचनातला २० टक्के, असं धरलं तर त्याच्या डोक्यावर ३६६ आणि ७८ मिळून ४४४ कोटी येतात. दुसऱ्यावर ५५६. कोणी कोणावर उपकार केले नाहीत आणि प्रत्येक रुपयाला कारण आहे.

हेच तत्त्व पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीवर प्रत्यक्षात उतरलं. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये ओएमव्हीएस ही संघटना स्थापन केली. १९७८ च्या करारात त्यांनी एक धाडसी गोष्ट लिहिली: धरणं कोणाच्याही हद्दीत असोत, ती तिन्ही देशांची अविभाज्य सामाईक मालमत्ता. मनंताली धरण मालीत आहे, पण एकट्या मालीचं नाही. खर्च आणि कर्जाची फोड सेनेगल ४२.१, माली ३५.३ आणि मॉरिटानिया २२.६ टक्के अशी ठरली. वीज मात्र माली ५२, सेनेगल ३३, मॉरिटानिया १५ टक्के. दोन ओळी जुळत नाहीत ते बरोबरच आहे, कारण खालच्या दोन देशांना सिंचनाचा लाभ मालीपेक्षा कितीतरी मोठा धरला होता. समुद्रकिनारा नसलेल्या मालीला नदीवाटे समुद्र गाठायचा होता, म्हणून जलवाहतूकही हिशेबात होती.

काय बिघडलं तेही त्याच हिशेबातून दिसतं. धरण १९८८ मध्ये पुरं झालं. ११ अब्ज घनमीटरहून मोठा साठा, म्हणजे जवळपास चार कोयना. पण वीजघर आणि वाहिन्या मागे राहिल्या आणि मालीची राजधानी बामाकोला वीज २००१ च्या अखेरीस पोचली. तेरा वर्षं भिंत उभी, कर्ज चालू आणि विजेचं उत्पन्न शून्य. मालीच्या वाट्याची जलवाहतूक ठरल्याप्रमाणे उभी राहिलीच नाही. म्हणून मसुदा वाचताना लाभांच्या यादीपुढे दोन रकाने काढा: हा लाभ कोणत्या वर्षी सुरू होणार, आणि झाला नाही तर खर्चाचं प्रमाण बदलणार का. सेनेगल नदीवरच्या या देशांनी प्रमाण फेरतपासता येईल अशी सोय ठेवली होती. ती नसेल तर आग्रह धरा.

१९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्यात सीमेवर रक्तपात झाला आणि राजनैतिक संबंध तुटले. तरी संघटना मोडली नाही. कर्ज तिघांच्या नावावर होतं आणि मालमत्ता तिघांची होती. कोणालाही आपला तुकडा तोडून घेऊन जाता येत नव्हता.

हिशेबात न धरलेल्या खर्चाची किंमत मात्र नदीकाठच्या माणसांनी मोजली. मुखाजवळचा डियामा बंधारा १९८६ मध्ये झाला. त्याआधी कोरड्या हंगामात समुद्राचं खारं पाणी नदीतून २०० किलोमीटर आत यायचं. बंधाऱ्याने ते थांबवलं आणि पाणी बारमाही गोडं झालं. गोड्या, संथ पाण्यात गोगलगायी वाढल्या, त्यांच्यामार्फत पसरणारा आतड्यांचा शिस्टोसोमियासिस हा कृमींचा आजार सेनेगलमधल्या रिशार-तोल भागात १९८८ पासून झपाट्याने फैलावला. पूर ओसरल्यावर ओल्या गाळात ज्वारी पेरणाऱ्यांचा पूरच नाहीसा झाला, त्यांच्यासाठी मनंतालीतून कृत्रिम पूर सोडण्याची मागणी पुढे कित्येक वर्षं चालली. खर्चाच्या रकान्यात आरोग्य, मासेमारी आणि पूरशेती या तीन ओळी नसतील तर तो हिशेब अपुरा समजा आणि तसं लिहा.

विजेचा गिऱ्हाईक एकच असेल तर

ब्राझील आणि पॅराग्वे यांचं इताइपू धरण १९७३ च्या करारावर उभं आहे. प्रत्येकी ७०० मेगावॉटची २० जनित्रं, मालकी निम्मी-निम्मी. पॅराग्वेचं ग्रिड ५० हर्ट्झवर चालतं, ब्राझीलचं ६० वर, म्हणून दहा जनित्रं एका वारंवारतेची बसवली आणि दहा दुसऱ्या. पॅराग्वेला आपल्या दहा जनित्रांची वीज खपवता येण्यासारखी नव्हती. उरलेली वीज ब्राझीललाच द्यायची, तिसऱ्याला विकायची नाही, अशी अट. ती ५० हर्ट्झची वीज आधी एकदिश करून साओ पाउलोकडे ८०० किलोमीटर नेतात आणि तिथे ६० हर्ट्झ करतात.

गिऱ्हाईक एकच असला की भाव त्याचा. पॅराग्वेला या विजेपोटी वर्षाला १२ कोटी डॉलरच्या आसपास भरपाई मिळायची. ती तिप्पट, म्हणजे ३६ कोटी करण्याचं २००९ मध्ये ठरलं. त्याला सत्तांतर आणि मोठी राजकीय मोहीम लागली. भावफेर कधी आणि कशाच्या आधारे होणार हे मसुद्यात तारखेसकट हवं. पन्नास वर्षांनी पाहू, असं म्हणून दोन पिढ्यांचं उत्पन्न बांधून टाकू नये.

भूतानशी भारताची भागीदारी याहून सुखाची झाली आहे, पण तिथेही आकड्यांचा बदल पाहण्यासारखा आहे. १९७४ च्या करारातून झालेल्या ३३६ मेगावॉटच्या चुखा प्रकल्पाला भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिलं, व्याज ५ टक्के. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ७२० मेगावॉटच्या मांगदेछूला अनुदान ३० टक्के, कर्ज ७० टक्के, व्याज १० टक्के. अनुदान जास्त असताना डोंगरात काही बिघडलं तर धक्का देणाऱ्याला बसतो. कर्ज जास्त असलं की तोच धक्का घेणाऱ्याकडे सरकतो. आणि डोंगर बिघडतोच: भूतानमधल्याच पुनात्सांगछू-१ प्रकल्पाच्या धरणाजागी २०१३ मध्ये उजवा काठ सरकला आणि काम वर्षानुवर्षं अडकलं. खोदल्यावर खडक खराब निघाला तर वाढीव खर्च कोणाचा, हे कलम सापडत नसेल तर ते लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाण्याच्या बदल्यात कोळसा

मध्य आशियातलं तोक्तोगुल धरण किर्गिझस्तानात आहे, साठा १९.५ अब्ज घनमीटर. खालच्या उझबेकिस्तान आणि कझाकस्तानला पाणी उन्हाळ्यात कापसासाठी हवं. किर्गिझस्तानला ते हिवाळ्यात टर्बाइनमधून सोडायचं असतं, घरं तापवायला. १९९८ च्या करारात अदलाबदल ठरली: उन्हाळ्यात पाणी सोडा, त्यासोबत तयार होणारी जादा वीज खालचे देश घेतील आणि हिवाळ्यासाठी कोळसा, गॅस, इंधनतेल देतील. कागदावर सगळ्यांचं भलं.

ते कोलमडलं त्याची कारणं नीट पाहा, कारण असे मसुदे पुन्हा पुन्हा येतात. प्रमाण दरवर्षी नव्याने ठरायचं, म्हणजे दरवर्षी घासाघीस. पाणी आधी सोडायचं आणि कोळसा नंतर यायचा, तोही कमी किंवा उशिरा. पावसाचं वर्ष असलं की खालच्यांना उन्हाळी पाण्याची गरज कमी, म्हणून ते वीजही कमी घ्यायचे, आणि मग किर्गिझस्तानला इंधन कमी. ज्या वर्षी धरणाने पाणी राखून ठेवलं त्या वर्षी राखण्याचं मोल कोणीच देत नव्हतं. शेवटी हिवाळ्यात थंडी पडली की दारं उघडायची. मग बर्फाने आवळलेल्या पात्रात ते पाणी मावायचं नाही आणि अराल समुद्राऐवजी अर्नासायच्या सखल भागात पसरायचं.

उपाय तीन. साठवणुकीचं ठरावीक वार्षिक भाडं, पाणी सोडलं काय आणि राखलं काय. इंधनाऐवजी पैसा, आणि तोही हंगामाआधी त्रयस्थ बँकेत जमा. करार निदान पाच वर्षांचा, ओल्या आणि कोरड्या वर्षांची प्रमाणं आधीच ठरवून.

दुरुस्ती आणि मुदत

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे कोसीचा तटबंध फुटला. बॅरेज साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधलेलं, आणि फुटीच्या दिवशी विसर्ग दीड लाखाच्या आसपास. नदी बिहारमध्ये जुन्या पात्राने धावली, लाखो माणसं बेघर झाली. १९५४ च्या करारानुसार बॅरेज आणि तटबंध राखण्याची जबाबदारी भारताची, जागा मात्र नेपाळची. जबाबदारी एकाची आणि जमीन दुसऱ्याची असेल तिथे हे पाहा: दुरुस्तीच्या पथकाला परवानगीशिवाय तासाभरात आत जाता येतं का, दगड आणि जाळ्यांचा साठा जागेवर आहे का, स्थानिक मजुरांची देणी कोण भागवतो, आणि पावसाळ्याआधीच्या पाहणीवर दोघांच्या सह्या होतात का.

कालमर्यादा लिहिली म्हणजे ती पाळली जाते असंही नाही. भारत आणि नेपाळ यांच्या १९९६ च्या महाकाली करारासोबत पंचेश्वर धरणाचा सविस्तर अहवाल सहा महिन्यांत करायचं ठरलं होतं. तो आजतागायत दोघांना मान्य होईल असा झालेला नाही. खालच्या भागातल्या सिंचनाच्या लाभाची किंमत कशी धरायची हे आधी ठरलं नव्हतं, आणि अहवाल त्यावरच अडला. क्रम उलटा हवा: आधी मोजण्याची रीत, मग अहवाल.

तंट्याची शिडी १९६० च्या सिंधू करारात अभ्यासण्यासारखी आहे. प्रश्न आधी दोन्ही देशांच्या आयुक्तांकडे, तांत्रिक मतभेद तटस्थ तज्ज्ञाकडे, कायद्याचा तंटा लवादाकडे. भारताच्या बगलिहार धरणाचं प्रकरण तज्ज्ञाकडे सुटलं. भारताच्याच किशनगंगा वीजप्रकल्पाचं प्रकरण लवादाकडे गेलं आणि २०१३ मध्ये खाली निदान ९ घनमीटर प्रतिसेकंद पाणी सोडण्याचा निर्णय आला. पण एकाने पाऊल मागे घेतलं तर काय, याची पायरी त्या शिडीत नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने २३ एप्रिल २०२५ रोजी करार स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं, आणि त्याला कराराचं कोणतं कलम लागू पडतं हाच वाद झाला. उत्तर अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या करारात बाहेर पडायचं असेल तर दहा वर्षं आधी नोटीस द्यावी लागते. तेवढ्या वेळात पर्यायी वीज आणि पूरनियंत्रण उभं करता येतं.

सगळ्यात शेवटी हमीच्या कलमाचे सुरुवातीचे शब्द वाचा. गंगा कराराचा फेरआढावा दर पाच वर्षांनी आहे, आणि त्यात एकमत झालं नाही तर भारताने बांगलादेशाच्या वाट्याच्या निदान ९० टक्के पाणी सोडत राहायचं, अशी तरतूद आहे. वाचायला भक्कम वाटते. पण तिची सुरुवात 'या कराराच्या मुदतीत' अशी आहे, आणि मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची. मुदत संपली की ९० टक्क्यांची हमीही संपते. नवा करार होईपर्यंत जुनं सूत्र लागू राहील, असं एक वाक्य नूतनीकरणाच्या मसुद्यात आहे का ते शोधा. १९७७ च्या कराराची आणि त्यामागून आलेल्या सामंजस्य करारांची मुदत मे १९८८ मध्ये संपली तेव्हा असं वाक्य नव्हतं, आणि त्यानंतर डिसेंबर १९९६ पर्यंतचे आठ उन्हाळे फराक्क्याच्या पाण्याला कोणताच करार लागू नव्हता.